काट्याच्या पावतीवर ११.१२, पडद्यावर ११.१३: दहा किलोंचा पुन्हा पुन्हा येणारा फरक

रावेर तालुक्यातील एका भुईकाट्यावरचा हिशेबाचा प्रोग्राम मी सांभाळतो. केळीच्या हंगामात तिथून मला येणाऱ्या फोनपैकी निम्मे एकाच तक्रारीचे असतात. काट्यावर छापलेली पावती एका गाडीचे निव्वळ वजन ११.१२ टन सांगते, व्यापाऱ्याच्या कार्यालयातील पडद्यावर तीच गाडी ११.१३ टन दिसते, आणि महिनाअखेरीस एक्सेलमध्ये बेरीज केली की ती दोहोंशीही जुळत नाही. फरक दहा किलोंचा आहे, म्हणजे क्विंटलला १५०० रुपये भाव धरला तर दीडशे रुपयांचा. रक्कम मोठी नाही, परंतु शेतकऱ्याने दोन कागद शेजारी ठेवून "भाऊ, दहा किलो कुठे गेले?" असे विचारले की पुढचा शब्द काटामारी हाच असतो, आणि तो शब्द एकदा बोलला गेला की हिशेबाची चर्चा तिथेच संपते.

काट्याचा यात काहीही दोष नव्हता. वैधमापन विभागाचे पडताळणीचे सील शाबूत होते आणि काट्याच्या लाल आकड्यांत दिसणारे किलो तिन्ही ठिकाणी अगदी तेच पोहोचत होते. बिघाड होता तो किलोचे टन करून दोन दशांश स्थळांपर्यंत छापण्यात. हा दोष मी तीन वेळा "दुरुस्त" केला आणि तीनही वेळा तो परत आला. त्यामुळे खरे कारण, ते ओळखण्याची रीत आणि अखेर टिकलेला उपाय असे सगळे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

तीन गाड्या, तीन हिशेब

या काट्याची पायरी ५ किलोंची आहे, म्हणजे वजन नेहमी ० किंवा ५ वर संपते. ते हजाराने भागून टनात आणले की तिसऱ्या दशांश स्थळावर ० किंवा ५ येतो, आणि दोनच स्थळे छापायची असल्याने दर दोन गाड्यांपैकी साधारण एका गाडीचा आकडा छापता येणाऱ्या दोन आकड्यांच्या बरोबर मध्यावर उभा राहतो. राउंडिंगचा, म्हणजे आकडा ठरलेल्या स्थळापर्यंत वर किंवा खाली नेण्याचा, प्रश्न इतर धंद्यांत क्वचित डोके वर काढत असेल, इथे तो रोजचा आहे. एका सकाळच्या तीन गाड्या नमुन्यादाखल देतो:

११,११५ किलो: पावती ११.१२, पडदा ११.१२, एक्सेल ११.१२
११,१२५ किलो: पावती ११.१२, पडदा ११.१३, एक्सेल ११.१३
११,१३५ किलो: पावती ११.१३, पडदा ११.१३, एक्सेल ११.१४

तिन्ही गाड्यांची खरी बेरीज ३३.३७५ टन आहे. पावत्यांची बेरीज ३३.३७ येते, पडद्यावरच्या आकड्यांची ३३.३८, आणि एक्सेलमध्ये दिसणाऱ्या तीन ओळी हाताने मिळवल्या तर ३३.३९. त्यातही एक्सेलच्या बेरजेच्या चौकटीत ३३.३८ दिसते, कारण तिथे बेरीज होते ती मूळ आकड्यांची आणि राउंडिंग केवळ दाखवण्यापुरते असते. एकाच पानावर वरच्या ओळी आणि खालची बेरीज जुळत नाही, तेव्हा हिशेबनीसाला दोष देण्यापूर्वी चौकटीतील आकडा राउंड केलेला आहे की फक्त तसा दाखवलेला आहे, हे पाहावे.

पावती छापणारा प्रोग्राम सी भाषेत आहे, पडद्यामागे जावास्क्रिप्ट आहे. तिन्ही ठिकाणी एकच आकडा दिला जातो आणि तिन्ही ठिकाणची गणिते आपापल्या नियमाने बरोबर आहेत. ती वेगळी येतात याची कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत, कारण माझी पहिली तीन वर्षे त्याच गोंधळात गेली.

पहिले कारण: साठवलेला आकडा म्हणजे दिसणारा आकडा नव्हे

बहुतेक प्रोग्रामिंग भाषा अपूर्णांक साठवताना १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकातील दुहेरी अचूकतेची पद्धत वापरतात. तीत संख्येच्या अंकांसाठी ५३ द्विमान (फक्त ० आणि १ या अंकांची) स्थाने मिळतात, दशमान हिशेबाने साधारण पंधरा ते सतरा अंक. द्विमान पद्धतीत ज्या अपूर्णांकाचा छेद केवळ दोनाचा घात असतो तेवढाच नेमका साठवता येतो. एक अष्टमांश, म्हणजे ०.१२५, तंतोतंत बसतो. एक दशांश बसत नाही, जसे एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत कधीच पुरे लिहून होत नाही.

११.१२५ नेमका साठवला जातो. ११.११५ मागितला तर संगणक ११.११५००००००००००…२१३… हा सर्वांत जवळचा आकडा ठेवतो, जो मध्याच्या किंचित वर आहे. ११.१३५ मागितला तर ११.१३४९९९९९९९९९…७८… ठेवला जातो, जो किंचित खाली आहे. सी, जावास्क्रिप्ट आणि पायथन हे तिघेही छापताना या साठवलेल्या आकड्याकडे पाहतात, आणि तो मध्याच्या खाली असल्याने ११.१३ छापतात. त्यांच्या दृष्टीने तिथे बरोबरी झालेलीच नसते. एक्सेल मात्र पंधरा अंकांपर्यंतचे दशमान रूप प्रमाण मानते. त्या रूपात तो आकडा ११.१३५ च असल्याने तिथे ११.१४ येतो.

मनात प्रश्न येईल की साठवलेला आकडा असा वाकडा असेल तर एरवी छापताना सरळ ११.१३५ कसा दिसतो? याचे कारण असे की स्थळांची संख्या सांगितली नाही तर आजच्या भाषा, परत वाचल्यावर तोच साठवलेला आकडा मिळेल असे सर्वांत आखूड दशमान रूप छापतात. पायथनने हे २००९ मध्ये ३.१ या आवृत्तीपासून स्वीकारले. या आखूड रूपासाठी स्टील आणि व्हाइट यांनी तसेच डेव्हिड गे यांनी १९९० मध्ये पद्धती मांडल्या, आणि उल्फ अ‍ॅडम्स यांची २०१८ मधील र्यू ही त्याच घराण्यातील जलद पद्धत आहे. सोय उत्तम आहे, पण तपास करणाऱ्याच्या डोळ्यांत तीच धूळ टाकते. आपण आकडा छापून पाहतो, तो स्वच्छ दिसतो, आणि संशय भलतीकडे जातो. म्हणून तपासताना वीस दशांश स्थळांपर्यंत छापावे. सी व पायथनमध्ये %.२०एफ लिहून आणि जावास्क्रिप्टमध्ये ठरावीक स्थळांपर्यंत छापणाऱ्या टूफिक्स्डला २० देऊन ते जमते. एक्सेलमध्ये जमत नाही, कारण पंधरा अंकांनंतर ते नुसती शून्ये दाखवते.

दुसरे कारण: खरोखर मध्यावर असेल तर कोणाचे ऐकायचे

११.१२५ नेमका साठवला जातो, त्यामुळे तिथे साठवणुकीचा दोष नाही. तरीही पावतीवर ११.१२ आणि पडद्यावर ११.१३ येते, कारण मध्यावरच्या आकड्याचा नियम भाषेनुसार वेगळा आहे. लिनक्सवरील सी, पायथन आणि गो या भाषा शेवटचा अंक सम येईल त्या बाजूला जातात: ०.१२५ चे ०.१२ आणि ०.३७५ चे ०.३८. जावास्क्रिप्टच्या टूफिक्स्डला मानकानेच सांगितले आहे की दोन उमेदवार सारखेच जवळ असतील तर मोठा निवडावा. म्हणून तिथे ०.१३. जावा तर एकाच घरात दोन चुली मांडते: स्ट्रिंग फॉरमॅट ०.१२५ चे ०.१३ करते, तर डेसिमलफॉरमॅट मुळात सम अंकाचा नियम पाळत असल्याने ०.१२ देते.

सम अंकाच्या नियमाला बँकर्स राउंडिंग म्हणतात, आणि तो कोणी लहरीखातर काढलेला नाही. मध्यावरचा प्रत्येक आकडा वरच ढकलत राहिले तर हजारो नोंदींची बेरीज हळूहळू फुगत जाते; कधी वर, कधी खाली गेल्याने ती फुगत नाही. शास्त्रीय मोजमापांसाठी हे रास्त आहे. गाडीगणिक पैसे मोजणाऱ्या माणसाला मात्र ०.१२५ खाली जातो आणि ०.३७५ वर जातो हे कुठल्याही भाषेत समजावता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

आता या दोन्ही कारणांचा वाटा मोजता येतो. ०.००५ पासून ०.९९५ पर्यंत, तिसऱ्या स्थळावर ५ असलेले अपूर्णांक शंभर आहेत. त्यांपैकी .१२५, .३७५, .६२५ आणि .८७५ हे चारच नेमके साठवले जातात. उरलेल्या ९६ चा कल द्विमान साठवणुकीवर ठरतो, आणि ८ ते १६ टनांच्या पट्ट्यात, म्हणजे आमच्या बहुतेक गाड्या जिथे येतात तिथे, प्रत्येक टनाच्या आत ४८ आकडे मध्याच्या वर आणि ४८ खाली पडतात. पावती आणि पडदा यांच्यात भांडण होते ते चारांपैकी फक्त .१२५ आणि .६२५ वर, कारण उरलेल्या दोघांवर सम अंक आणि मोठा अंक एकच आहे. पडदा आणि एक्सेल यांच्यात मात्र शंभरांपैकी ४८ वेळा फरक पडतो.

या मोजणीने एक जुने कोडे उलगडले. वजने ० आणि ५ वर सारखीच संपतात असे धरले, तर पावती आणि पडद्याचा फरक साधारण शंभर गाड्यांमागे एका गाडीला येणार. दिवसाला तीस-चाळीस गाड्या धरल्या तर दर दोन-तीन दिवसांनी एक फोन. एक्सेलचा फरक जवळजवळ दर चौथ्या गाडीला असतो, पण तो कळतो महिनाअखेरीस. म्हणजे रोजची किरकोळ तक्रार आणि महिन्याचा मोठा घोळ ही मला दोन वेगळी दुखणी वाटत होती, ती एकाच मुळाची दोन टोके निघाली.

मी केलेले तीन चुकीचे इलाज

पहिला इलाज सगळीकडे सुचवला जातो: राउंड करण्यापूर्वी आकड्यात अगदी बारीक काहीतरी मिळवायचे. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी एप्सिलॉन नावाची तयार संख्या आहे, दोनाचा उणे बावन्नावा घात. अडचण अशी की ८ ते १६ या पट्ट्यात शेजारच्या दोन साठवता येणाऱ्या आकड्यांतील अंतरच एप्सिलॉनच्या आठपट असते, त्यामुळे ११.१३५ मध्ये तो मिळवला तरी आकडा तसूभरही हलत नाही. १.००५ वर हा उतारा लागू पडतो म्हणून तो लोकप्रिय आहे. ज्याने तो तपासला त्याने लहान आकड्यावर तपासला असणार. त्याऐवजी मोठी संख्या मिळवली तर मध्याच्या खरोखर खाली असलेले आकडेही वर जाण्याचा धोका उभा राहतो.

दुसरा इलाज शंभराने गुणून, जवळचा पूर्णांक घेऊन, पुन्हा शंभराने भागण्याचा. ११.१३५ ला शंभराने गुणले तर गुणाकारातील राउंडिंगमुळे नेमके १११३.५ मिळतात आणि उत्तर ११.१४ येते, मी खूश झालो. पण १.००५ ला शंभराने गुणले की १००.४९९९९९९९९९९९९९ मिळतात आणि उत्तर १ येते. एक चूक दुसऱ्या चुकीने पुसली जाते, पण कधी जाते आणि कधी नाही याचा भरवसा नाही. पायथनमध्ये याच कारणाने घरातच दुमत आहे: अंगभूत राउंड ११.१३५ चे ११.१३ करते, तर नमपाय या गणिती लायब्ररीचे राउंड गुणाकाराच्या वाटेने जात असल्याने ११.१४ देते.

तिसरा इलाज म्हणजे काहीच न करणे. मध्यंतरी तक्रारी आपोआप थांबल्या होत्या, तेव्हा मी विषय मिटला असे धरले. नंतर काट्यावरचा जुना संगणक गेला, नवा आला, आणि पावती व पडद्याचा फरक नव्याने सुरू झाला, तोही प्रोग्रामची एक ओळही न बदलता. याचे कारण मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत स्पष्ट दिलेले आहे: विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपूर्वी सी भाषेतील छपाईचे प्रिंटएफ नेमके मध्यावर असलेले, ५ वर संपणारे आकडे नेहमी वर नेत असे, त्या आवृत्तीपासून ते आयईईईच्या नियमाने सम अंकाकडे जाते. जुन्या संगणकावर ११.१२५ चे ११.१३ होत होते आणि पडद्याशी योगायोगाने जुळत होते. नव्यावर ११.१२ होऊ लागले. जुनी वागणूक परत आणणारी एक फाइल प्रोग्रामला जोडता येते, पण दुसऱ्याच्या मेहरबानीवर जुळणारा हिशेब पुन्हा मांडण्याची माझी इच्छा नव्हती. संगणक किंवा विंडोज बदलल्यानंतरच तक्रार सुरू झाली असेल, तर पहिला संशय इथे घ्यावा.

आपल्याकडे नेमके काय घडते ते ओळखणे

यासाठी दोन आकडे पुरतात. आधी ०.१२५ दोन स्थळांपर्यंत छापून पाहावा. हा नेमका साठवला जातो, त्यामुळे उत्तर ०.१३ आले तर मध्यावरून वर जाण्याचा नियम आहे, ०.१२ आले तर सम अंकाचा. मग २.६७५ छापावा, जो साठवताना मध्याच्या खाली जातो. उत्तर २.६७ आले तर साठवलेला आकडा पाहिला जातो, आणि २.६८ आले तर दिसणारे दशमान रूप पाहिले जाते किंवा मध्ये कुठेतरी गुणाकार दडला आहे. हिशेबाच्या साखळीत जितकी ठिकाणे असतील, म्हणजे पावती, पडदा, डेटाबेस, अहवाल आणि एक्सेल, त्या प्रत्येक ठिकाणी ही दोन्ही उत्तरे लिहून काढावीत. बहुतेक वेळा तेवढ्यातच गुन्हेगार सापडतो.

डेटाबेसही यातून सुटत नाही. मायएसक्यूएलमध्ये नेमक्या दशमान प्रकारातील २.५ चे राउंड ३ येते, पण तीच संख्या २५ई-१ अशी फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे वर सांगितलेल्या द्विमान, रूपात दिली तर उत्तर खालच्या सी लायब्ररीवर अवलंबून राहते आणि पुष्कळ यंत्रांवर २ येते. पीएचपीचे राउंड आणि नंबर फॉरमॅट दिसणाऱ्या रूपाला झुकते माप देतात, म्हणून तिथे १.००५ चे १.०१ होते. जावाच्या डेसिमलफॉरमॅटमध्ये तर एक जुनी चूक आठव्या आवृत्तीत सुधारली गेली आणि ज्यांचे आकडे चुकीच्या वागणुकीवर जुळलेले होते, त्यांचे हिशेब त्या सुधारणेने बिघडले.

याच तपासात माझ्या स्वतःच्या प्रोग्राममधील एक गाढवपणा उघडा पडला. सर्व्हरवर मी भरलेल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन आधी टनात आणून मग वजाबाकी करत होतो. भरलेली गाडी १७.६३५, रिकामी ६.५००, वजाबाकी ११.१३५ यायला हवी. प्रत्यक्षात ११.१३५०००००००००…२ येते, कारण १७.६३५ साठवताना वर सरकलेला असतो आणि वजाबाकी ती सरक जशीच्या तशी पुढे आणते. आता हा आकडा मध्याच्या वर आहे, म्हणून ११.१४ छापला जातो. त्याच भाषेत, त्याच संगणकावर, त्याच निव्वळ वजनाच्या दोन गाड्या एकदा ११.१३ आणि एकदा ११.१४ होऊ शकतात, कारण त्यांची रिकामी वजने वेगळी आहेत. नियम शोधू पाहणाऱ्या माणसाला वेड लावायला एवढे पुरेसे आहे.

टिकलेला उपाय

काट्यातून किलो पूर्णांक म्हणून येतात. ते शेवटपर्यंत पूर्णांकच ठेवावेत. साठवण किलोत, वजाबाकी किलोत, बेरीज किलोत. टन फक्त कागदावर उमटताना. आणि तेव्हाही भाषेच्या छपाईवर राउंडिंग न सोपवता ते स्वतः पूर्णांकांवर करावे. अर्धा वर नेण्याचा नियम ठरला असेल तर एवढेच लागते:

शतांश = (किलो + ५) भागिले १०, बाकी सोडून
टन = शतांश भागिले १००, बाकी सोडून
उरलेले = शतांशाला १०० ने भागल्यावरची बाकी

११,१३५ मध्ये ५ मिळवले की ११,१४०, दहाने भागले की १११४, त्याचे ११ आणि १४. ११,१२५ चे ११ आणि १३. इथे द्विमान अपूर्णांक कुठेच येत नाही, त्यामुळे सी, पायथन, जावास्क्रिप्ट आणि एक्सेल या सर्वांचे उत्तर एकच येते. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांकांचा वेगळा भागाकार नाही, तिथे भागून फ्लोर, म्हणजे खालचा पूर्णांक, घ्यावा. वजन ऋण नसल्याने इथे अडचण येत नाही. पण परतीच्या मालाची ऋण नोंद असेल तर चिन्ह बाजूला ठेवून हे गणित करावे आणि शेवटी चिन्ह लावावे.

एक सूचना मी स्वतः ठेचकाळल्यामुळे देतो. उरलेले नेहमी दोन अंकांत छापावे, समोर शून्य भरून. पहिल्याच दिवशी ११,०४५ किलोच्या गाडीचे शतांश ११०५ आले, त्याचे ११ आणि ५, आणि मी ते टिंबाने जोडून ११.५ छापले. ११.०५ ऐवजी साडेअकरा, म्हणजे साडेचारशे किलो जास्त. त्या दिवशी शेतकऱ्याकडून फोन आला नाही, व्यापाऱ्याकडून आला.

भाव, टक्केवारी किंवा तूट यांमुळे गुणाकार आलाच तर भाषेतील दशमान प्रकार वापरावा: पायथनमध्ये डेसिमल, जावामध्ये बिगडेसिमल, डेटाबेसमध्ये न्यूमरिक. यात एक खोडा हमखास पडतो. पायथनच्या डेसिमलला ११.१३५ अवतरणचिन्हांत दिला तर नेमका तोच आकडा मिळतो, अवतरणांशिवाय दिला तर आधी तो फ्लोटिंग पॉइंट होतो आणि ११.१३४९९… हा वाकडेपणा नेमकेपणाने जतन केला जातो. बिगडेसिमलचेही तसेच. शिवाय डेसिमलचा मूळ नियम सम अंकाचाच आहे, त्यामुळे क्वांटाइझ करताना, म्हणजे दशांश स्थळे ठरवताना, राउंड हाफ अप (अर्धा वर) स्पष्ट लिहावे लागते.

कोणता नियम लावायचा हा प्रश्न प्रोग्रामरने परस्पर सोडवू नये. करांच्या रकमेबाबत तो कायद्यानेच सोडवला आहे: केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७० नुसार पन्नास पैसे किंवा त्याहून अधिक असतील तर पुढचा रुपया धरायचा आणि त्याहून कमी असतील तर सोडून द्यायचे. ताज्या केळीला हा कर नाही, पण हाच छपाईचा भाग मी जळगावच्या एका डाळमिलच्या बिलांसाठीही वापरतो, आणि तिथे बँकर्स राउंडिंगने अडीच रुपयांचे दोन होऊ दिले तर कायद्याच्या शब्दाशीच विसंगत बिल निघेल. वजनासाठी काट्याच्या मालकाने आणि व्यापाऱ्याने मिळून अर्धा वर नेण्याचे ठरवले, आणि ते वाक्य पावतीच्या पाठीमागे छापले आहे.

राउंड केलेला आकडा पुन्हा राउंड होणार नाही, याचीही काळजी घ्यावी. भाडेवाल्याच्या एक्सेलमध्ये टन एकाच दशांश स्थळापर्यंत घेतात. ११,४४५ किलोंचे पावतीवर ११.४५ झाले, भाडेवाल्याने तेच घेऊन ११.५ केले, आणि गाडीचे भाडे पंचावन्न किलोंनी वाढले. मूळ वजनावरून एकदाच राउंड केले असते तर ११.४ आले असते. आता त्याला टनाचा स्तंभ पाठवतच नाही, किलोचा पाठवतो.

खरे सांगायचे तर सर्वांत सोपा इलाज मला सर्वांत शेवटी सुचला. पावतीवर तिसरे दशांश स्थळ छापायला जागा होतीच. आता तिथे ११.१२५ छापले जाते आणि त्याच्या खाली ठळक अक्षरांत ११,१२५ किलो. दोन स्थळांचा टन फक्त मासिक अहवालात उरला आहे.

जुन्या नोंदींचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. सर्व्हरवर आधीच्या हंगामांची वजने दोन स्थळांच्या टनांतच साठवली आहेत, आणि ११.१३ मधून ११,१२५ होते, ११,१३० होते की ११,१३५, हे कोणत्याही गणिताने परत काढता येत नाही. पावतीवरही तेव्हा निव्वळ वजन टनातच छापले जाई. सुदैवाने भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन काट्यावरचा मुलगा कार्बन प्रतीवर पेनाने किलोत लिहीत असे. ते गठ्ठे काट्याच्या खोलीत माळ्यावर आहेत. वाद असलेल्या गाड्यांपुरत्या त्या प्रती काढून आम्ही किलो हाताने भरत आहोत. आतापर्यंत एक हंगाम झाला आहे.